घोट्यावरचा आकडा

मी रक्तदाब मोजायचा पट्टा बोलतोय. घरात मला सगळे 'बीपीचं मशीन' म्हणतात, पण मशीन म्हणण्यासारखं माझ्यात फार काही नाही. एक कापडी पट्टा, त्याच्या पोटात रबरी पिशवी, दोन नळ्या, मुठीत मावणारा फुगा आणि सुई असलेली एक तबकडी. फुगा दाबला की मी आवळतो, किल्ली सैल केली की उतरतो.

पाल्हाळ लावायला मला वेळ नाही. मी ज्या घरात राहतो तिथल्या माणसाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापून झाला आहे, आणि डावा राहील की नाही हे अजून कुणी सांगू शकत नाही. माझी एक नळी चिरली आहे. तिला चिकटपट्टी गुंडाळून माझ्याकडून काम करून घेतात. माझ्या जागी नवा पट्टा आणायचं ठरलं आहे. तो यायच्या आत मला बोलून घेऊ द्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. रांगेत बसलेल्या बायका पट्टे शिवत होत्या, बोलत होत्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या. शिवून झाल्यावर मला तपासणीच्या टेबलावर नेलं. तिथं लाकडाचा एक गोल ठोकळा होता, माणसाच्या दंडाएवढा. त्याच्याभोवती मला गुंडाळलं, हवा भरली, हवा टिकते का ते पाहिलं. माणसाची माझी पहिली ओळख ती एवढीच. मग कुणीतरी माझ्या कापडावर एक बाण छापला आणि बाणाशेजारी दंडाचं चित्र काढलं. हे चित्र लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. ते सगळ्यांच्या इतकं लक्षात राहिलं, हेच आमचं दुर्दैव.

माझे पहिले मालक एक डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना दोन खोल्यांचा, बाहेर बाकं, आत एक टेबल आणि एक उंच खाट. तिथं मी माणसं पाहिली. माझ्यापुढं माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. पाठ ताठ करतो, श्वास धरतो, सुईकडं चोरून बघतो. सिगारेट किती, असं विचारलं की बायकोकडं बघून उत्तर देतो. एक आजीबाई दर वेळी पट्टा सुटला की विचारायच्या, "झाले का मी पास?" डॉक्टर म्हणायचे, "काठावर." आणि त्या खूश होऊन जायच्या.

डॉक्टर थकले, दवाखाना सुनेकडे सोपवायचं ठरलं. ती शिकून आली होती, तिची स्वतःची नवी साधनं होती. तेव्हा डॉक्टरांनी मला एका जुन्या पेशंटला देऊन टाकलं. तेच आमचे पेंटर.

पेंटर पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या, एकदा तर स्मशानाच्या फाटकावरची वेळांची पाटीसुद्धा. दवाखान्याची पाटी त्यांचीच. त्यांना सगळे पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की "अहो पेंटर" म्हणायची, एरवी नुसतं "अहो". त्यांचं बीपी जरा वर असायचं, गोळी सुरू होती. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला शेजारी बसवून कानात नळ्या घालायला, ठोका कुठं सुरू होतो आणि कुठं बंद होतो ते ऐकायला शिकवलं. बाईंचा कान चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच यांच्या डॉक्टर." ते त्यांनी मनावर घेतलं.

त्या घराची पुढची खोली म्हणजे कामाची जागा. भिंतीला टेकवलेल्या पाट्या, काचेच्या बरण्यांतले ब्रश, टर्पेंटाइनचा वास. एका कोपऱ्यात लेकीचं टेबल. ती अक्षरं कापायचं यंत्र चालवायची; कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, यंत्र ते चिकटकागदातून कापून द्यायचं. बापाचं काम हळूहळू तिच्या टेबलाकडं सरकलं होतं. त्यावरून दोघांची रोज जुंपायची. पेंटर म्हणायचे, "तुझी अक्षरं इस्त्री केल्यासारखी दिसतात." ती म्हणायची, "आणि तुमची पावसात भिजून आल्यासारखी." मग दोघंही हसायची आणि बाई आतून ओरडायच्या की चहा गार होतोय.

रोज सकाळी चहाच्या आधी मी पेंटरांच्या डाव्या दंडावर असायचो. डाव्याच, कारण उजवा हात रंगाचा. माझ्या कापडाला डाग पडू नये म्हणून बाईंनी हा नियम घातला होता. आकडा बहुतेक चांगला यायचा. बाई तो मोठ्यानं सांगायच्या, जणू त्यांनीच स्वयंपाकघरात तयार केलाय. पेंटर शर्टाची बाही खाली करून गॅलरीत जायचे आणि सिगारेट पेटवायचे.

संध्याकाळी बाप-लेक पाय मोकळे करायला बाहेर पडायची. त्यात मी नसायचो, पण परत आल्यावर सगळं माझ्या कानावर यायचं. बाबा हल्ली फार थांबतात, असं लेक सांगायची. चार दुकानं चालले की थांबतात, वर बघतात आणि सुरू होतात. या अक्षराचं पोट बघ, किती सुटलंय. ही उभी रेघ बघ, कशी तोल सांभाळून उभी आहे. ह्याला शेवटी जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर दाटीवाटीनं बसवलंय, बघ. मग पुन्हा चालायला लागतात, पुन्हा थांबतात.

"आम्ही फिरायला नाही, शाळेत जातो," असं ती म्हणायची. पण तिला ते आवडत होतं. तिच्या यंत्रातून निघणारी अक्षरं त्या महिन्यांत बदलली. गिऱ्हाइकं म्हणायला लागली की तुमच्याकडच्या पाट्या वेगळ्या दिसतात. पेंटर त्यावर नुसते नाकातून हसायचे.

पाटीवाला पाट्या बघायला थांबतो यात कुणाला काय वावगं वाटणार? शिंपी थांबला असता तर घरच्यांनी विचारलं असतं. हा माणूस जन्मभर मान वर करून चालला होता.

एकदा बाई त्यांच्याबरोबर बाजारात गेल्या आणि चिडून परत आल्या. बंद दुकानापुढं उभे राहिले म्हणे, पाटीसुद्धा नव्हती तिथं. पेंटर म्हणाले, "पोटरीत जरा गोळा येतो. उभं राहिलं की जातो."

बाई पिशव्या रिकाम्या करत म्हणाल्या, "वयोमानानं व्हायचंच."

हा शब्द त्या घरात मी पुढं फार ऐकला. जिना चढताना दम लागला, वयोमानानं. पाय गार पडतात, वयोमानानं. नडगीवरचे केस गेले, तेही वयोमानानं. पेंटर पलंगावरून उजवा पाय खाली सोडून झोपायला लागले, कारण पाय वर ठेवला की ठणकायचा; त्यालाही तोच शब्द. लेक म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. तेव्हा पेंटरांनी माझ्याकडं बोट केलं. "सकाळीच मोजलंय ना तुझ्या आईनं? मशीन काय खोटं बोलतं?"

मी खोटं बोलत नव्हतो. दंडाबद्दल विचारलं, दंडाचं सांगितलं. पण माझ्याकडं केलेलं ते बोट पाहून माझ्या पोटातली हवा गरम झाली. मला जीभ असती तर मी त्याच वेळी म्हटलं असतं की वहिनी, मला खाली न्या. पायातला मोजा काढा. घोट्याच्या वर गुंडाळा. कापडावरचं चित्र विसरा. माझी लांबी पुरते, मी तिथंही बसतो.

मला जीभ नव्हती. मला परत डब्यात ठेवलं.

मग रंगाच्या मोठ्या डब्याचं झाकण पेंटरांच्या उजव्या अंगठ्यावर पडलं. नख निघालं, छोटी जखम झाली. बाईंनी धुऊन मलम लावलं. जखम भरेना. बाईंनी मलम बदललं. लेकीनं चप्पल बदलून आणली. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या, आणि बाई रोज आधी जखम बघायच्या, मग मला बांधायच्या, दिवसातून दोनदा, मग तीनदा. आकडा चांगला आला की त्यांना हुरूप यायचा. रक्त चांगलं फिरतंय म्हणजे जखम भरेलच, असं त्या लेकीला समजावायच्या. माझ्याकडून त्या धीर घेत होत्या. माझ्याकडं तो नव्हता. मी एका जागेचा आकडा सांगत होतो आणि त्या साऱ्या देहाचा ऐकत होत्या.

शेवटी लेकीनं कुणाला न विचारता डॉक्टरांच्या सुनेला घरी बोलावलं. पेंटरांना तोवर जिना उतरवत नव्हता. डॉक्टरीणबाई आल्या, खुर्ची ओढून थेट पायांपाशी बसल्या. त्यांनी दोन्ही पायांवर हात ठेवून पाहिला, मग बोटांनी पावलावर काहीतरी शोधत राहिल्या. डाव्या पायावर थोडा वेळ. उजव्या पायावर बराच वेळ. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण बोट उचलायला त्या तयार नव्हत्या.

"काकू, घरात बीपीचं मशीन आहे ना? माझं दवाखान्यात राहिलंय."

बाई मला घेऊन आल्या आणि सवयीनं डाव्या दंडाकडं वळल्या. डॉक्टरीणबाईंनी पेंटरांना आडवं व्हायला सांगितलं, थोडा वेळ नुसतं पडू दिलं. आधी दोन्ही दंड मोजले. एकशे चाळीस. मग त्यांनी मला हातात घेतलं आणि खाली, घोट्याच्या वर गुंडाळलं.

बाई म्हणाल्या, "अहो, ते हाताचं आहे."

"पायाचंही आहे, काकू."

त्यांनी पर्समधून पेनाएवढं एक यंत्र काढलं, त्याचं टोक पावलावर टेकवलं. त्यातून रक्ताचा आवाज ऐकू येतो. डाव्या पायातून आला, दुरून कुणीतरी केर काढत असावं तसा, शू, शू, शू. मला फुगवलं, आवाज थांबला. हवा सोडत आणली आणि एकशे पाचवर आवाज परत आला. बाईंनी लगेच विचारलं, चांगलं आहे ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घोट्याचा आकडा दंडाएवढा तरी हवा, थोडा जास्तच असतो.

मग उजवा पाय. टोक इकडं टेकवलं, तिकडं टेकवलं. खोलीत लेकीच्या यंत्राची घरघर चालू होती. तिनं उठून ते बंद केलं. खूप शोधल्यावर एक बारीक, कुजबुजल्यासारखा आवाज सापडला. मला नीट फुगवलंही नव्हतं तेवढ्यात तो गेला. हवा सोडत गेल्या, सोडत गेल्या. एकशे वीस, शंभर, ऐंशी. मी उतरत होतो आणि काहीच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून एखाद्या आवाजाची वाट बघितली. साठला तो आला.

पेंटर छताकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "वरती एकशे चाळीस आहे ना पण?"

डॉक्टरीणबाईंनी भिंतीला टेकवलेल्या पाट्यांकडं पाहिलं. "काका, पाटीचं पहिलं अक्षर बघून शेवटचं कसं बसलंय ते सांगता येतं?"

"नाही. शेवटी जागा कमी पडते. तिथंच सगळे फसतात."

"दंड पहिलं अक्षर आहे."

पेंटरांना कळलं. कारागीर माणूस, एका वाक्यात कळलं. बाई मात्र म्हणाल्या की आम्हाला वाटलं वयोमानानं असेल. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वयोमानानं रक्तवाहिन्या कडक होतात, अरुंद होतात, खरं आहे. पण किती, ते मोजता येतं काकू. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे." मग चालताना पोटरी दुखून थांबावं लागायचं का, असं त्यांनी विचारलं. थांबल्यावर बरं वाटायचं का.

लेक पाट्यांपाशी उभी होती. तिनं बापाकडं बघितलं.

"म्हणजे तुम्ही पाट्या बघायला थांबत नव्हता," ती म्हणाली.

"बघत होतो की."

"मला वाटायचं तुम्ही मला शिकवताय."

"शिकवतच होतो," पेंटर म्हणाले. "पाय दुखत होता म्हणून काय झालं."

ती आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला.

हॉस्पिटलात काय झालं ते मी पिशवीतून ऐकलं. बाईंनी मला बरोबर घेतलं होतं. तिथं माझी काही गरज नव्हती, पण त्यांना माझ्याशिवाय घराबाहेर पडवेना. रक्तवाहिनीत बारीक तार घालून फुगा फुगवायचा आणि वाट मोकळी करायची, असा डॉक्टरांचा बेत होता. तसं केलं. काही दिवस पाय कोमट झाला. बाई पावलावर हात ठेवून बसायच्या, जणू त्यांनी हात काढला की तो परत गार होईल. तो गार झालाच. जखम वर चढत होती. अंगठा गेला, मग अजून दोन बोटं, मग डॉक्टर म्हणाले की पाय ठेवला तर माणूस ठेवता येणार नाही.

ज्या दिवशी पेंटरांना आत नेलं, त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बाईंनी मला पिशवीतून काढलं. मला वाटलं स्वतःचं बीपी बघतील. त्यांनी नुसतं मला उलगडलं, गुंडाळलं, उलगडलं, गुंडाळलं. लेक म्हणाली, "आई, ठेव ते." बाई म्हणाल्या, "मी रोज मोजत होते गं." एवढंच. त्यांनी रडतानाही आवाज केला नाही. माझ्या कापडावरचं दंडाचं चित्र त्या अंगठ्यानं घासत होत्या. ते पुसलं जात नाही.

पेंटर घरी आले. कुबड्या घेऊन उभं राहायला शिकले. कामाच्या खोलीतल्या पाट्या बाजूला करून चालायला वाट केली. सिगारेट सुटली, ती सोडा असं कुणाला सांगावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पायासाठी आता जिवाच्या आकांतानं लागल्या आहेत. गोळ्या आहेत, खाण्याचे नियम आहेत, पावलावर ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणे चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं, म्हणजे पायात नव्या वाटा तयार होतात. दोन पाय असताना हे कुणी सांगितलं असतं तर हा माणूस आनंदानं गावभर चालला असता. आता एका पायावर, काखेत कुबड्या घेऊन, पलंगापासून गॅलरीपर्यंत चालायचं आहे. दर खेपेला त्यांच्या मानेवरच्या शिरा ताठ होतात. मधेच ते म्हणतात, पुरे झालं आता, आणि लेक म्हणते, अजून एक खेप. बाप-लेकीची थट्टा अजून चालते, पण तिच्यात आता दम नसतो. दोघंही एकमेकांसाठी ती ओढत नेतात.

डॉक्टरीणबाईंनी आपलं जुनं आवाजाचं यंत्र घरी ठेवायला दिलं आहे. लेक मोजायला शिकली. आधी दंड, मग घोटा. पहिल्यांदा एकशे पाच आलेला डावा घोटा मागच्या आठवड्यात शंभर होता. पाचाची घट मशीनची असेल, माझ्या चिरलेल्या नळीची असेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. तसं असावं म्हणून मी जीव टाकतो आहे. माझ्यामुळं आकडा कमी आला असं निघालं, तर मला भंगारात टाका, मी हसत जाईन.

म्हणून घाईनं सांगतोय. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी कपाटात असेल. त्याच्यावरही दंडाचं चित्र असेल. तुमच्या घरात कुणी चालताना थांबत असेल आणि त्याच्याकडं थांबायला छानसं कारण असेल. कुणी दुकानं बघतं, कुणी फोन काढतं, कुणी चपलेचा अंगठा सारखा करतं. त्यांना आडवं करा. मोजे काढायला लावा. पावलावर बोट ठेवून ठोका लागतो का बघा. नाही लागला, तर मोजून देणाऱ्याकडं न्या, आणि माझ्या नावानं शिव्या घालत, हट्ट करत, घोट्याचं मोजून घ्या. दंडाचा चांगला आकडा घेऊन घरी परतू नका. तो आकडा घेऊन आम्ही कितीतरी सकाळी चहा प्यायलो.

आज पेंटर गॅलरीपर्यंत पोचले नाहीत. निम्म्यात थांबले. लेक शेजारी उभी होती. तिनं वाट बघितली. त्यांनी भिंतीकडं, पाट्यांकडं कुठंच बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाले, "दुखतंय गं."

असं ते आजवर कधी म्हणाले नव्हते. बाई स्वयंपाकघरातून हात न पुसता आल्या. दोघींनी मिळून त्यांना पलंगावर आडवं केलं, आणि विसावू दिलं. मग दंड मोजला आणि मला खाली आणलं. पाऊल गार आहे. नळीवरची चिकटपट्टी बाईंनी मुठीत आवळून धरली आहे, हवा निसटू नये म्हणून. लेकीनं टोक टेकवलं, मला फुगवलं, आणि हवा सोडत आणली. शंभर गेलं. पंच्याण्णव गेलं. पेंटर म्हणाले, "मोठ्यानं सांग. लपवू नकोस." नव्वदला आवाज आला आणि ती "नव्वद" असं म्हणाली.

आता तिनं दवाखान्यात फोन लावला आहे. पलीकडून कुणीतरी म्हणालं असावं की लगेच घेऊन या, कारण बाईंनी पिशवी काढली आहे. मला सोडायचं सगळेच विसरले. माझ्यातली हवा केव्हाच गेली आहे, मी घोट्याभोवती नुसता सैल पडलो आहे. पेंटरांनी यंत्राचं टोक स्वतःच्या हातानं पावलावर धरून ठेवलं आहे, आणि त्यातून आवाज अजून येतो आहे.